पटावरचीं माणसें

विसाव्या शतकाच्या सातव्या दशकाच्या अखेरीची ही हकीकत आहे. अमेरिकेंतील अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक, टॉमस शेलिंग, विमानानें प्रवास करीत होते. हाताशीं वाचावयास कांहीं नव्हतें. म्हणून त्यांनीं कागदावर एका ओळींत फुल्या आणि गोळे काढले व त्यांची अदलाबदल करून पाहण्याचा चाळा आरंभिला. चाळा दिसावयास पोरकट होता. पण त्यामागचा प्रश्न पोरकट नव्हता. अमेरिकेंतील मोठ्या शहरांत गोऱ्यांच्या वस्त्या एकीकडे आणि काळ्यांच्या दुसरीकडे अशा कां पडतात, ह्याचा शोध त्यांना घ्यावयाचा होता. घरीं परतल्यावर कागदावरची ती ओळ अपुरी वाटूं लागली. त्यांच्या मुलाला नाणीं जमविण्याचा छंद होता. कांहीं तांब्याचीं व कांहीं जस्ताचीं नाणीं घेऊन बापलेक टेबलाशीं बसले. चौकटी आंखलेल्या पटावर त्यांनीं तीं नाणीं विखरून ठेवलीं, मधून मधून कांहीं घरें मोकळीं सोडलीं आणि खेळ सुरू झाला.

खेळाचा नियम अगदीं साधा होता. प्रत्येक नाण्याला सभोंवतीं फार तर आठ शेजारी. त्यांपैकीं निदान एक तृतीयांश शेजारी आपल्याच धातूचे असले कीं तें नाणें संतुष्ट. नसले तर उठून दुसऱ्या एखाद्या मनाजोगत्या रिकाम्या घरांत जावयाचें. म्हणजे कोणतेंही नाणें दुसऱ्या धातूचा द्वेष करीत नव्हतें. शेजाऱ्यांत बहुसंख्य परके असले तरी त्याची तक्रार नव्हती. आपण अगदींच एकटें पडूं नये, एवढीच त्याची इच्छा. परंतु एक नाणें उठलें कीं त्याच्या जुन्या शेजाऱ्यांतील एखादें एकटें पडे, आणि तें जेथें जाई तेथें दुसऱ्या कोणाला तरी आपण अल्पसंख्य झाल्याची जाणीव होई. मग तेंही उठे. बघतां बघतां पटाच्या एका भागांत तांबें आणि दुसऱ्या भागांत जस्त अशी जवळजवळ स्वच्छ फाळणी होऊन जाई. पुन्हां नाणीं मिसळावीं, पुन्हां खेळ मांडावा, तरी शेवट तोच.

ह्या निकालांतील धक्का नीट समजावून घेतला पाहिजे. मोठा परिणाम दिसला कीं त्याच्यामागें तितकाच मोठा हेतु असला पाहिजे, असें माणसाचें मन सहज धरून चालतें. शहर दुभंगलेलें दिसलें, तर शहरांतील माणसें एकमेकांचीं वैरी असलीं पाहिजेत. बाजार कोसळला, तर कोणीतरी कट केला असला पाहिजे. शेलिंग ह्यांच्या पटानें ह्या तर्काचा पायाच डळमळीत केला. एकेकट्याची इच्छा सौम्य असूनही सर्वांच्या मिळून घडणारा परिणाम तीव्र असूं शकतो, आणि तो परिणाम कोणालाच हवा होता असेंही नाहीं. हे प्रयोग त्यांनीं १९६९ व १९७१ सालच्या लेखांत मांडले आणि १९७८ सालच्या एका पुस्तकांत सामान्य वाचकांपुढें ठेवले. पुढें २००५ सालीं रॉबर्ट ऑमन ह्यांच्यासमवेत त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तें मुख्यतः संघर्ष आणि सहकार्य ह्यांच्या विवेचनासाठीं होतें. पण सामान्य जनांच्या स्मरणांत राहिलीं तीं हीं तांब्याजस्ताचीं नाणींच.

ह्या विचारपद्धतीला आज जें नांव मिळालें आहे त्यांत एजंट हा शब्द येतो. एजंट म्हटलें कीं आपल्याकडे विम्याचा दलाल डोळ्यांपुढें उभा राहतो. येथें मात्र अर्थ निराळा आहे. ज्याला आपली स्वतःची जागा आहे, आपला स्वभाव आहे, आणि भोंवतालची परिस्थिति पाहून जो आपल्यापुरता निर्णय घेतो तो एजंट. मराठींत त्याला नाटकांतल्याप्रमाणें पात्र म्हणावें हें बरें. नाटकांतील पात्राला नाटककारानें शेवट आधींच लिहून दिलेला असतो; येथें पात्राला केवळ स्वभाव दिलेला असतो आणि शेवट कोणालाच ठाऊक नसतो. अशीं शेंकडों किंवा लक्षावधि पात्रें संगणकाच्या पटावर सोडावीं, त्यांना आपापल्या नियमांनीं वागूं द्यावें आणि एकंदर समाजाचें काय होतें तें पाहावें, ही ह्या शास्त्राची रीत आहे.

ह्याहून जुनी रीत समीकरणांची. पहिल्या महायुद्धाच्या काळांत एड्रियाटिक समुद्रांतील मासेमारी मंदावली, तेव्हां बाजारांत येणाऱ्या मासळींत शिकारी माशांचें प्रमाण वाढलेलें आढळलें. ही गोष्ट इटालियन गणितज्ञ व्हितो व्होल्तेरा ह्यांच्या कानीं त्यांच्या जांवयानें घातली आणि १९२६ सालीं व्होल्तेरा ह्यांनीं भक्ष्य व भक्षक ह्यांच्या चढउताराचीं समीकरणें मांडलीं. आल्फ्रेड लोट्का ह्यांनीं अमेरिकेंत १९२५ सालींच तसलीं समीकरणें प्रसिद्ध केलेलीं होतीं. हीं समीकरणें सुंदर आहेत; पण त्यांत मासा नाहीं, माशांची संख्या आहे. एक मासा उपाशी आहे, दुसरा नुकताच जेवला आहे, तिसरा कळप चुकून कोपऱ्यांत सांपडला आहे, ह्या भेदांना समीकरणांत जागा नाहीं. सरासरीनें ज्यांचें काम भागतें त्यांना समीकरण पुरे. जेथें व्यक्तिव्यक्तींतील भेद आणि कोण कोणाचा शेजारी हेंच निर्णायक ठरतें, तेथें पट मांडावा लागतो.

असा पट मांडणारे शेलिंग हे पहिलेच नव्हते. त्यांच्यापूर्वीं एकानें तो मांडला होता, आणि त्याची पार्श्वभूमि फार कष्टाची आहे. १९४२ सालच्या फेब्रुवारींत अमेरिकेच्या अध्यक्षांनीं काढलेल्या हुकुमान्वयें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या सुमारें एक लक्ष वीस हजार लोकांना घरेंदारें सोडावयास लावून कांटेरी तारांच्या छावण्यांत डांबण्यांत आलें. त्यांतील सुमारें दोन तृतीयांश लोक जन्मानें अमेरिकेचेच नागरिक होते. कॅलिफोर्नियांत जन्मलेला जेम्स साकोडा हा तरुण विद्यार्थी त्यांपैकींच एक. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या एका संशोधनकार्यासाठीं तो ट्यूल लेक आणि मिनिडोका ह्या छावण्यांतील जीवनाच्या नोंदी ठेवूं लागला. कोण कोणाच्या जवळ बसतो, कोण कोणाला टाळतो, पहाऱ्यावरील गोऱ्या अधिकाऱ्यांशीं कोण बोलतो व कोण तोंड फिरवितो, हें सारें तो पाहत होता. १९४९ सालीं त्यानें डॉक्टरेटसाठीं जो प्रबंध सादर केला, त्यांत चौकटीच्या पटावर दोन रंगांच्या सोंगट्या मांडून हे संबंध दाखविण्याची कल्पना होती. प्रत्येक सोंगटीला स्वकीयांविषयीं आणि परक्यांविषयीं ओढ, तिटकारा किंवा उदासीनता ह्यांपैकीं एक वृत्ति दिलेली असे, आणि त्या वृत्तीप्रमाणें ती पटावर सरकत असे.

साकोडा ह्यांचा ह्या विषयावरील लेख छापला गेला तो १९७१ सालीं, आणि योगायोग असा कीं ज्या नव्या नियतकालिकाच्या पहिल्या खंडांत शेलिंग ह्यांचा लेख आला त्याच खंडांत. साकोडा ह्यांचा पट अधिक व्यापक आहे. शेलिंग ह्यांचा खेळ त्यांतील एका विशिष्ट प्रकारांत मोडतो. परंतु शेलिंग ह्यांनीं तो खेळ एका ज्वलंत प्रश्नाला जोडून घरोघरीं खेळतां येईल असा केला आणि कीर्ति त्यांच्याकडे गेली. ब्राउन विद्यापीठांत शिकविणारे साकोडा हे कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवरील पुस्तकाचे कर्ते म्हणूनच पुष्कळांना माहीत राहिले. २००५ सालीं, शेलिंग ह्यांना नोबेल मिळालें त्याच वर्षीं, ते निवर्तले. इतिहासकारांनीं त्यांचें ऋण नोंदविलें तें त्यानंतर.

पटाची हीच कल्पना गणिताच्या अंगानेंही वाढत होती. १९४० नंतरच्या दशकांत लॉस अलामॉस येथील स्टानिस्लाव उलाम व जॉन फॉन नॉयमन ह्या दोघां गणितज्ञांपुढें प्रश्न होता तो असा: यंत्राला स्वतःसारखें दुसरें यंत्र घडवितां येईल काय? उलाम ह्यांनीं सुचविलें, लोखंडाचें यंत्र बाजूला ठेवावें आणि घरांची अमर्याद जाळी कल्पावी. फॉन नॉयमन ह्यांच्या जाळींतील प्रत्येक घर २९ अवस्थांपैकीं एकींत असे आणि शेजारचीं घरें पाहून आपली अवस्था बदली. १९५७ सालीं फॉन नॉयमन वारले. त्यांचें हें अपुरें काम आर्थर बर्क्स ह्यांनीं पुरें करून १९६६ सालीं प्रसिद्ध केलें. केंब्रिजचे गणितज्ञ जॉन कॉनवे ह्यांनीं २९ अवस्थांच्या जागीं दोनच ठेवल्या: जिवंत आणि मृत. जिवंत घराला दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तर तें जगतें, एरव्हीं मरतें. रिकाम्या घराला नेमके तीन जिवंत शेजारी असले तर तेथें जन्म होतो. १९७० सालच्या ऑक्टोबरांत मार्टिन गार्डनर ह्यांनीं आपल्या मासिक सदरांत हा खेळ छापला आणि जगभर लोक कागद घेऊन बसले. पांच घरांची एक आकृति चार पिढ्यांनीं पुन्हां जशीच्या तशी उभी राहते, पण एक घर तिरकी सरकलेली. त्या आकृतीला चाल कोणीही शिकविलेली नाहीं. ती नियमांतून आपोआप उपजली आहे.

आतां ह्या कथेंत एक कासव येतें. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें ग्रे वॉल्टर ह्या मेंदूच्या अभ्यासकानें १९४८-४९ च्या सुमारास चाकांवर चालणारीं दोन लहान यंत्रें तयार केलीं. प्रकाशाकडे जाणारीं, अडथळ्याला आपटून वळणारीं हीं यंत्रें कवचासारख्या झांकणामुळें कासवासारखीं दिसत, म्हणून तेंच त्यांचें नांव पडलें. जिनीव्हा येथें बालमानसशास्त्रज्ञ ज्यां पियाजे ह्यांच्या हाताखालीं काम केलेले आणि मूळचे दक्षिण आफ्रिकेचे गणितज्ञ सीमोर पॅपर्ट ह्यांनीं हें कासव अमेरिकेंत मुलांच्या हातीं दिलें. १९६७ सालीं त्यांनीं वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन ह्यांच्या सहकार्यानें लोगो नांवाची एक संगणकभाषा सिद्ध केली. लवकरच त्या भाषेच्या आज्ञा पाळणारें एक कासव जमिनीवर रेघा ओढीत फिरूं लागलें आणि पुढें तें संगणकाच्या पडद्यावर चढलें. चौकोन काढावयाचा तर कासवाला सांगावयाचें: इतकीं पावलें पुढें जा, काटकोनांत वळ, आणि हेंच चार वेळां कर. मुलाला अडलें तर त्यानें स्वतःच कासव होऊन खोलींत चालून पाहावें. भूमिति डोक्यांत शिरण्यापूर्वीं पायांत उतरावी, हें पॅपर्ट ह्यांचें शिक्षणविषयक तत्त्व होतें.

एका कासवाऐवजीं हजारों कासवें एकाच वेळीं सोडलीं तर काय होईल, हा प्रश्न त्यांच्या शिष्यांना सुचला. १९९० च्या सुमारास मिचेल रेझ्निक ह्यांनीं मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्रसंस्थेंत स्टारलोगो ही भाषा तयार केली. शाळकरी मुलांनीं तिच्यांत मोटारींचा रस्ता मांडला. नियम दोनच: पुढें मोटार जवळ असेल तर वेग कमी करावयाचा, नसेल तर वाढवावयाचा. रस्त्यांत अपघात नाहीं, फाटक नाहीं, पोलीस नाहीं. तरीही कोंडी झाली, आणि मोटारी पुढें जात असतां ती कोंडी मात्र मागें मागें सरकत गेली. रेझ्निक ह्यांना असें दिसून आलें कीं लहान काय आणि थोर काय, पुष्कळ माणसें व्यवस्था पाहिली कीं तिचा व्यवस्थापक शोधूं लागतात. पक्ष्यांच्या थव्याला नेता असलाच पाहिजे, असें त्यांना वाटतें. वास्तविक १९८७ सालींच क्रेग रेनॉल्ड्स ह्यांनीं दाखविलें होतें कीं शेजाऱ्यावर आपटूं नये, त्याच्या दिशेनें उडावें आणि त्यांच्यापासून फार दूर जाऊं नये, एवढ्या तीन नियमांवर पडद्यावरील थवा नेत्यावांचून डौलानें उडतो.

त्या दशकांत मोठ्यांसाठींही साधनें निघत होतीं. सांता फे येथील संशोधनसंस्थेंत क्रिस लँग्टन व त्यांचे सहकारी ह्यांनीं स्वार्म नांवाची सामग्री तयार केली. पण ती वापरण्यास आज्ञालेखनांत चांगलें प्रावीण्य लागे. जोशुआ एप्स्टाइन व रॉबर्ट अॅक्सटेल ह्यांनीं १९९६ सालच्या आपल्या ग्रंथांत साखरेचे ढीग असलेल्या एका काल्पनिक भूमीवर पात्रें सोडून श्रीमंती व गरिबी, व्यापार आणि लढाया कशा उत्पन्न होतात तें दाखविलें. मात्र सामान्य शिक्षक, विद्यार्थी किंवा जिज्ञासु गृहस्थ ह्यांना ह्या प्रांतांत पाऊल टाकण्यास एक सोपा उंबरठा हवा होता. पॅपर्ट ह्यांचेच दुसरे शिष्य युरी विलेन्स्की ह्यांनीं १९९९ सालीं तो घालून दिला. त्याचें नांव नेटलोगो. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठांत तो आजवर वाढविला गेला आहे आणि कोणालाही विनामूल्य मिळतो. चढावयास सोपा, पण वर छत नाहीं, अशी त्याची बांधणी असावी हें लोगोपासून चालत आलेलें ध्येय विलेन्स्की ह्यांनीं पुढें ठेवलें.

नवशिक्याला ह्या उंबरठ्यावर काय दिसतें? पडद्यावर एक चौरस पट. पटावरील प्रत्येक घर हें स्वतःच एक पात्र असतें. त्याला रंग असतो, त्यावर गवत उगवूं शकतें. त्या घरांवरून हिंडणाऱ्या पात्रांना येथेंही कासवच म्हणतात, मग तीं मेंढ्या असोत, मोटारी असोत कीं माणसें असोत. दोन कासवांना जोडणारे दुवे असतात. आणि ह्या सर्वांवर देखरेख करणारा, सर्वांना आज्ञा देणारा, पण स्वतः पटावर नसणारा एक निरीक्षक असतो. ह्या चार संज्ञा समजल्या कीं अर्धें काम झालें. बहुतेक तयार प्रतिरूपांना दोन कळी असतात. पहिली पट मांडते, दुसरी खेळ चालू करते. शेजारीं सरकपट्ट्या असतात. त्यांनीं नियमांतील आंकडे कमीअधिक करावयाचे.

जाणते शिक्षक आरंभ कोठून करावा ह्याविषयीं एकच क्रम सांगतात. प्रथम संग्रहांतील एखादें तयार प्रतिरूप नुसतें चालवून पाहावें. वणव्याचें प्रतिरूप ह्या कामीं उत्तम. पटावर झाडें विखुरलेलीं असतात, डाव्या कडेला आग लागते आणि ती झाडाकडून शेजारच्या झाडाकडे जाते. झाडांची दाटी शेंकडा ५५ ठेवली तर आग थोडें अंतर जाऊन विझते. शेंकडा ६५ ठेवली तर ती उजव्या कडेपर्यंत पोंचते. सहज वाटावें कीं दाटी थोडी वाढली तर जळणारा भाग थोडाच वाढेल. पण शेंकडा ५९ च्या आसपास परिस्थिति एकाएकीं पालटते. हा उंबरठा पदार्थविज्ञानालाही परिचित आहे. सरकपट्टी स्वतःच्या बोटानें सरकवून ज्यानें तो पाहिला, त्याला तो समजावून सांगावा लागत नाहीं.

दुसरी पायरी प्रश्न विचारण्याची. सरकपट्टी हालविण्यापूर्वीं काय होईल तें कागदावर लिहून ठेवावें आणि मग खेळ चालवावा. अंदाज चुकला म्हणजेच शिकण्यास आरंभ झाला. तिसरी पायरी आज्ञा देण्याची. पडद्याच्या तळाशीं असलेल्या ओळींत कासवांना पुढें जाण्यास, वळण्यास, रंग बदलण्यास सांगावें आणि तीं आज्ञा कशी पाळतात तें बघावें. चौथी पायरी तयार प्रतिरूपाचा आज्ञालेख उघडून त्यांतील एकच आंकडा किंवा एकच ओळ बदलण्याची. एकाच वेळीं दोन गोष्टी बदलल्या तर परिणाम कोणामुळें घडला तें कळत नाहीं. प्रयोगशाळेंतला हा जुना नियम येथेंही लागू आहे. ह्यानंतर स्वतःचें प्रतिरूप लिहावें, आणि तेंही शक्य तितकें लहान. पहिल्याच दिवशीं सबंध शहर उभें करावयास निघालेला मनुष्य बहुधा दुसऱ्या दिवशीं तो नाद सोडून देतो.

आणखी एक खूणगांठ आरंभींच बांधावयास हवी. पात्रांची मांडणी प्रत्येक वेळीं यदृच्छेनें होते, म्हणून एकच खेळ दहा वेळां चालविला तर दहा निरनिराळे शेवट दिसूं शकतात. एका खेळावरून निष्कर्ष काढणें म्हणजे एका नाणेफेकीवरून नाण्याचा स्वभाव ठरविणें होय. तेंच प्रतिरूप शेंकडों वेळां, निरनिराळ्या आंकड्यांनीं चालवून निकाल गोळा करण्याची सोय नेटलोगोंत आहे, ती ह्याचसाठीं. संग्रहांत शेलिंग ह्यांचा पटही आहे. आपल्यासारखे शेजारी निदान शेंकडा ३० असावेत एवढीच इच्छा प्रत्येक पात्राला दिली, तरी शेवटीं सरासरीनें शेंकडा सुमारें ७० शेजारी आपल्यासारखेच निघतात. टेबलावर जें संध्याकाळभर चालावें तें येथें कांहीं क्षणांत उरकतें.

परंतु खेळ पडद्यावर जुळला म्हणजे जगांतही तसेंच घडलें असें ठरत नाहीं. अमेरिकेंतील शहरें दुभंगलीं तीं केवळ सौम्य आवडीनिवडींमुळें नव्हेत. काळ्यांना घर विकूं नये अशा अटी खरेदीखतांत लिहिलेल्या असत. १९४८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्या अटी न्यायालयांमार्फत अंमलांत आणतां येणार नाहींत असा निर्णय दिला. काळ्यांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर तांबड्या रंगानें दाखवून त्यांना कर्जास अपात्र ठरविण्याची प्रथा १९३० नंतरच्या दशकांत रूढ झाली होती. घरांच्या व्यवहारांतील भेदभावाला बंदी करणारा कायदा १९६८ सालीं झाला. ह्या उघड अन्यायाचा इतिहास बाजूला सारून पटाकडे बोट दाखविणें हा पटाचा दुरुपयोग होय. पट इतकेंच सांगतो कीं असे अन्याय दूर केले तरी फाळणी आपोआप मिटेल असें गृहीत धरूं नये. ही सूचना कडू आहे, पण उपयोगाची आहे.

इतिहाससंशोधनांत ह्या साधनाचा उपयोग कसा होतो, ह्याचा एक नामांकित दाखला अॅरिझोना प्रांतांतील लाँग हाउस खोऱ्याचा आहे. आजच्या प्यूब्लो लोकांचे पूर्वज तेथें शतकानुशतकें मक्याची शेती करून राहत होते आणि इ. स. १३०० च्या सुमारास तें खोरें ओस पडलें. झाडांच्या वार्षिक वलयांवरून व इतर पुराव्यांवरून त्या काळच्या पावसापाण्याचा अंदाज बांधून पुराणवस्तुसंशोधकांनीं आणि अॅक्सटेल-एप्स्टाइन ह्यांनीं तें खोरें संगणकावर उभें केलें. इ. स. ८०० पासून १३५० पर्यंत प्रत्येक कुटुंब हें एक पात्र. तें पेरतें, साठवितें, उपासमार झाली तर जागा बदलतें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या निकालांत लोकसंख्येचा चढउतार पुराव्याशीं पुष्कळसा जुळला. शेवट मात्र जुळला नाहीं. पटावरील खोऱ्यांत कांहीं कुटुंबें टिकून राहिलीं. प्रत्यक्षांत एकही राहिलें नव्हतें. म्हणजे दुष्काळ हें एकच कारण पुरेसें नाहीं; माणसांना बांधून ठेवणारे किंवा ओढून नेणारे सामाजिक धागे हिशेबांत घेतले पाहिजेत. जेथें प्रतिरूप चुकलें तेथेंच त्यानें सर्वांत मोलाची गोष्ट सांगितली. पुढें मार्को यान्सेन ह्या संशोधकानें हें प्रतिरूप नेटलोगोंत पुन्हां लिहून तपासलें आणि त्यांतील जुळणीचा मोठा भाग जमिनीच्या पोषणक्षमतेच्या आंकड्यांमुळेंच येतो असें दाखविलें. दुसऱ्याला उघडून तपासतां येईल असा पट मांडणें, हाच ह्या शास्त्राचा प्रामाणिकपणा आहे.

मुंबईकरांना ह्या शास्त्राशीं गांठ पडली ती कोविड-१९ रोगाच्या सांथींत. मार्च २०२० मध्यें उपनगरी गाड्या थांबल्या, कचेऱ्या बंद झाल्या. त्याच वर्षाच्या एप्रिलांत, शेजाऱ्यांच्या जन्ममरणाचा खेळ रचणारे कॉनवे हे ह्याच रोगानें अमेरिकेंत मृत्यु पावले. मुंबईंतील टाटा मूलभूत संशोधनसंस्था आणि बंगळूर येथील भारतीय विज्ञानसंस्था ह्यांतील शास्त्रज्ञांनीं मिळून बंगळूर व मुंबई ह्या दोन्ही शहरांचीं पात्राधिष्ठित प्रतिरूपें तयार केलीं. मुंबईच्या पटावर एक कोटीहून अधिक पात्रें होतीं. प्रत्येक पात्राला घर होतें, वय होतें, कोणाला शाळा तर कोणाला कचेरी होती. झोंपडपट्टींतील दाट संसर्ग आणि उपनगरी गाडींतील गर्दी ह्यांचा वेगळा हिशेब त्यांत धरला होता. कचेऱ्या किती प्रमाणांत उघडाव्या, गाड्या केव्हां सोडाव्या, तोंडावरच्या फडक्यानें किती फरक पडेल, हे प्रश्न खऱ्या शहरावर प्रयोग करून सोडवितां येण्यासारखे नव्हते. पटावर ते निदान विचारतां तरी आले.

त्याच वर्षीं जुलै महिन्यांत शहरांतील तीन प्रभागांत रक्ततपासणी करण्यांत आली. झोंपडपट्ट्यांत शेंकडा सुमारें ५७ लोकांच्या रक्तांत रोग होऊन गेल्याच्या खुणा आढळल्या. त्याच प्रभागांतील इतर वस्तींत हें प्रमाण शेंकडा सुमारें १६ होतें. शहराची एकच सरासरी काढून हा फरक कधींच दिसला नसता. एकाच प्रभागांत, एकाच हवेंत, भिंतीच्या अलीकडे व पलीकडे राहणाऱ्या माणसांचें नशीब इतकें निराळें असूं शकतें, म्हणूनच माणसांना सरासरींत विरघळूं न देतां पटावर एकेकटें उभें करण्याचें महत्त्व आहे.

ह्या कथेचा एक प्रसंग हनोई शहरांतील आहे. डिसेंबर २००६ मध्यें गणितशिक्षणाच्या एका परिषदेसाठीं पॅपर्ट आणि विलेन्स्की हे गुरुशिष्य व्हिएतनामच्या ह्या राजधानींत गेले होते. तेथील रस्त्यांवरून दुचाकींचा अखंड लोंढा वाहतो, आणि तरीही माणसें त्यांतून वाट काढीत रस्ता ओलांडतात. ह्या वाहतुकीचें प्रतिरूप कसें मांडावें ह्याची चर्चा दोघांत चालली होती. तशांतच रस्ता ओलांडतांना एका मोटारसायकलीनें पॅपर्ट ह्यांना धडक दिली. मेंदूला जबर दुखापत झाली. त्यानंतर ते दहा वर्षें जगले, पण पूर्वींचें कार्य त्यांच्या हातून होऊं शकलें नाहीं. २०१६ सालीं ते वारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस शेलिंगही गेले.

पटावरील पात्र कोंडींत सांपडलें तर खेळ पुन्हां मांडतां येतो. रस्त्यावरील माणसाला ती सवलत नाहीं. म्हणूनच पटावर चुकण्याचें स्वातंत्र्य फार मोलाचें आहे, आणि पटावर जिंकल्याचा गर्व फार धोक्याचा आहे. साकोडांनीं छावणींतील माणसांना सोंगट्या केलें तें त्यांना तुच्छ लेखून नव्हे; तीं माणसें कोणत्या बंधनांत वागत आहेत तें समजून घ्यावें म्हणून. जो कोणी ह्या मार्गावर पहिलें पाऊल टाकील, त्यानें पहिल्या कासवाला पहिली आज्ञा देण्यापूर्वीं एवढें लक्षांत ठेवावें, कीं त्या ठिपक्याच्या जागीं कोठेंतरी एक खरा शेजारी उभा आहे.